आत्याचा पाय आणि जुन्या गाडीचा ब्रेक

माझी आत्या जन्मभर पायमशीनवर कपडे शिवत आली. हात सफाईदार, नजर पक्की, जिभेला मात्र हाड नाही. आतोबा गेल्यावर त्यांची जुनी चारचाकी गाडी तिने विकू दिली नाही. उतारवयात चालवायला शिकली आणि गिऱ्हाइकांचे कपडे पोचवायला तीच नेऊ लागली. "माणसं दगा देतात, ही नाही देत," असं येताजाता ऐकवायची. माणसं म्हणजे आम्हीच.

एकदा तिची सून लेकीला शाळेतून आणायला ती गाडी घेऊन गेली. परतताना घराजवळच्या उतारावर तिने ब्रेक दाबला, तो थेट तळाला गेला. गाडी शेजाऱ्यांच्या भिंतीवर आदळली. मागे बसलेल्या पोरीच्या कपाळाला खोक पडली, टाके घालावे लागले.

"आई, ब्रेक लागलाच नाही हो," सून म्हणाली.

"मग काल मला बरा लागला? नाचता येईना अंगण वाकडं! पोरीला मारलं असतंस आज."

हे अख्ख्या गल्लीसमोर. माझा आतेभाऊ, म्हणजे सुनेचा नवरा, मूग गिळून गप्प. असा राग आला मला त्याचा! सुनेने पुन्हा गाडीच्या किल्लीला हात लावला नाही. पोरीला कडेवर घेतानासुद्धा ती आधी आत्याकडे बघू लागली. ते बघवत नव्हतं.

गाडी दुरुस्तीला गेली, तेव्हा मी आत्यासोबत होतो. बाहेर चाकाशी बसलेला गॅरेजवाला गाडीत बसलेल्या आत्याला म्हणाला, "काकू, ब्रेक दाबून धरा."

"धरलाय की."

"कुठं? दाबताय नि सोडताय. धरून ठेवा."

मी वाकून पाहिलं. आत्याचा पाय मशीनवर चालावा तसा खालीवर चालला होता. आता तिनेही पाहिलं. तिने गुडघा हाताने दाबून पाय रोखला, तसं ब्रेकचं पेडल हळूहळू खाली जात तळाला टेकलं.

"आतून ब्रेकचं तेल सुटतंय, बऱ्याच दिवसांपासून," गॅरेजवाला म्हणाला. "भराभर दाबलं की लागतो, म्हणून तुम्हाला कळलं नाही. दुसरं कोणी असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं."

वाटेत आत्या सारखी स्वतःच्या पायाकडे बघत होती. मला तिची कीव आली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच आली.

घरी सून पोरीच्या कपाळाची पट्टी बदलत होती. आत्या तिच्यासमोर खाली बसली.

"ब्रेक कधीचाच गेला होता. मला पाय मारायची सवय, म्हणून समजलं नाही. पोरीला तू नाही, मी मारलं असतं."

सुनेचे हात थांबले. इतके दिवस आवरलेलं रडू तिला फुटलं. पोटभर रडून झाल्यावर तिने डोळे पुसले आणि हळूच विचारलं, "आई, हे सगळ्यांसमोर सांगाल?"

आत्या उठली, दारात गेली आणि शेजाऱ्यांना हाका मारू लागली.