जाऊबाईचा दात
लवंगेच्या तेलाचा वास आला की मला नागपूरच्या कोर्टाचा व्हरांडा आठवतो. नालीच्या भांडणात शेजाऱ्याने माझ्या मोठ्या जावेला फावड्याच्या दांड्याने मारलं होतं. कपाळ फुटलं, लुगडं रक्ताने भिजलं आणि समोरचा एक दात पडला. सगळे रक्ताकडेच पाहत होते. दात मात्र सासूने उचलून, लेकरांचा टाकतात तसा, कौलांवर फेकला. "किरकोळ भांडण आहे, सुटून येतो, मग पाहतो तुले," असं शेजारी रोज ओसरीवरून ऐकवायचा. तारखेच्या दिवशी जाऊ पडलेल्या दाताच्या बाजूच्या ठणकत्या दाताला तेलाचा बोळा लावून बसली होती. सरकारी वकीलबाई म्हणाल्या, "कपाळाची जखम कोर्ट साधी धरतं. दात तुटला, ती गंभीर." जाऊ म्हणाली, "मॅडम, बाईच्या दाताले कोण विचारते?" "कायदा विचारतो." जाऊ घाबरून माझ्याकडे वळली, "अवं, तो त आपण कौलावर फेकला वं!" वकीलबाई हसल्या. डॉक्टरांनी मारहाणीच्या दिवशीच हिरडीतली रिकामी जागा पाहून लिहून ठेवलं होतं. आत न्यायाधीशांनी तेच वाचून दाखवलं, दात तुटला म्हणून गंभीर दुखापत, आणि शेजाऱ्याची मान खाली गेली. मी पदर तोंडाला लावून उभी होते. त्याच दाताने जाऊ हातमागावरचा धागा तोडायची. डोळा, कान, हाड असं कायद्यात लिहिता लिहिता कोणीतरी आमच्या दातापर्यंत आलं होतं. आजही दाताला लवंगेचं तेल लावताना मी जिभेने एकेक दात चाचपून पाहते. एकही मला लहान वाटत नाही.