सात वळकट्या

परवा आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये वाद निघाला. भाड्याने दिलेला फ्लॅट मालकाने किती वेळा तपासावा? एकजण म्हणाला, सहा महिन्यांतून एकदा पुरे. दुसरा म्हणाला, छे, दर तीन महिन्यांनी, नाहीतर भाडेकरू खिळे ठोकून भिंतींची चाळण करतात. तिसऱ्या बाईंना तर दर महिन्याला जायचं होतं, "सहज, चहा प्यायला." माझ्या तोंडून निघून गेलं, "चहा प्यायचा तर स्वतःच्या घरी प्या की!" सगळे म्हातारीला झालं काय, म्हणून बघायला लागले. मी पिशवी उचलली नि घरी आले. त्यांना काय सांगणार, कपाळ? घर तपासायला येणं म्हणजे काय ते मी अकराव्या वर्षी बघितलंय. ऐंशीला टेकले तरी तो राग जात नाही मेला.

लालबागला आमची चाळ होती. तळमजला आणि वर दोन मजले. दुसऱ्या मजल्यावरची अगदी शेवटची खोली आमची. तिच्यापुढे फक्त संडास आणि संडासाला लागून मागचा लोखंडी जिना. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. दादा गिरणीत साच्यावर होते, म्हणजे माग चालवायचे. आई, दादा, मी आणि पाळण्यातला भाऊ, अशी चार माणसं दहा बाय बाराच्या खोलीत. गिरणगावात तेव्हा ही चैनच म्हणायची. कारण बाकी प्रत्येक खोलीत गाववाले भरलेले. कोकणातून गिरणीत लागायला आलेला माणूस उतरणार कुठे? आपल्या गावच्या माणसाच्या खोलीतच ना! दिवसपाळीवाला उठला की त्याच जागेवर रातपाळीवाला आडवा व्हायचा. प्रत्येकाची एक वळकटी, म्हणजे सतरंजी, चादर नि उशी गुंडाळून सुतळीने बांधलेली. उठलं की वळकटी भिंतीला लावून ठेवायची, की झाली जागा मोकळी. आमच्याकडे मात्र बाहेरचं कोणी नव्हतं. "पोरगी वाढतेय, मला घरात परका माणूस नको," दादा म्हणायचे. चाळीत त्यांना शिष्ट म्हणत. म्हणोत.

मालक आम्ही कधी डोळ्यांनी बघितला नाही. बघितला तो त्याचा मेहता, भाडं वसूल करणारा कारकून. परका नव्हता हो, आपलाच, देवगडकडचा. भाडं वाढवायला कायद्याने बंदी, आणि जुन्या भाडेकरूला उगाच काढताही येत नव्हतं. पण खोलीत पोटभाडेकरू ठेवला असं दाखवता आलं, की काढता यायचं. खोली रिकामी झाली की नव्या माणसाकडून पागडी. त्यासाठी हा तपासणीचा सगळा खटाटोप. आधी तो वर्षातून एकदा यायचा, गळतंबिळतं का बघायला. मग महिन्यातून एकदा यायला लागला. माझ्या अकराव्या वर्षी तर आठवड्यातून दोनदासुद्धा आला. दादांनी एकदा विचारलं, "मेहता, किती वेळा येणार तुम्ही?" तर म्हणतो कसा, "जागा आमची, पाय आमचे. तुमचं काय दुखतं?"

भिंतीला भेग गेलीय की छप्पर फुटलंय, इकडे तो ढुंकून बघायचा नाही. तो वळकट्या मोजायचा. दारात उभा राहून बोट नाचवत एक, दोन, तीन. "माणसं पाच, वळकट्या नऊ. रेशनकार्ड दाखवा." बायकांची लुगडी वाळत असली तरी दोरी हाताने बाजूला करून पुरुषांचे सदरे मोजायचा. बाई न्हाणीत असली तरी दारातून हलायचा नाही. आई म्हणायची, "ह्याच्या घरात आईबहीण आसा की नाय?"

चाळीने त्याच्यावर उपाय काढला होता. मेहता फाटकात दिसला की खालची कुठलीतरी बाई ओरडायची, "पाणी इला गो!" नळाची वेळ नसताना पाणी आलं, म्हणजे समजायचं. मेहता नेहमी पुढच्या जिन्याने यायचा आणि पहिल्या खोलीपासून सुरुवात करायचा. तो तळमजल्यावर असेपर्यंत जादा वळकट्या हातोहात वर चढत. गॅलरीतून या बाईच्या काखेतून त्या बाईच्या काखेत, आणि शेवटी आमच्या खोलीत. तो वरच्या मजल्यावर पोचेपर्यंत त्या मागच्या लोखंडी जिन्याने खाली, तपासून झालेल्या खोल्यांत. आमची खोली जिन्याला लागून आणि पोटभाडेकरूचा संशयसुद्धा नसलेली, म्हणून सगळ्यांच्या सोयीची. आई कधी नाही म्हणाली नाही. मला तर भारी मजा वाटायची. एक वळकटी मीही धावत पोचवलीय, माझ्यापेक्षा मोठी. मेहता गेला की चाळभर हशा पिकायचा.

तेव्हा संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. चाळच्या चाळ मोर्च्याला जायची. आमच्याच मजल्यावर एक पुढारी राहत. गच्चीवर त्यांची सभा व्हायची. "मुंबई आपली आहे, कोणाच्या बापाची नाही," म्हणाले की माझ्या अंगावर काटा यायचा. दादा गिरणीतून आले की न जेवता सभेला जात. एकदा लाठी खाऊन आले, खांद्यावर हळदीचा लेप लावून आठ दिवस बसले. चाळीतली माणसं बघायला आली, तेव्हा पुढारी म्हणाले, "ह्या खांद्याला खांदा लावून आम्ही आहोत." तेव्हा मला ते खरंच वाटलं. खोटं कशाला बोलू?

त्या दिवशी हरताळ होता. पुरुषमाणसं मोर्च्याला गेलेली. आज काही मेहता येत नाही म्हणून बायका निवांत तांदूळ निवडत बसल्या होत्या. तेवढ्यात खालून ओरडा झाला, "पाणी इला गो!" कोणीतरी वही घेऊन फाटकातून आलं होतं. झालं, वळकट्या निघाल्या. पाच मिनिटांत आमच्या खोलीत सहा येऊन पडल्या. सातवी शेजारच्या काकीची. काकी म्हणजे आईची जीव की प्राण. भाऊ झाला तेव्हा बारा दिवस तिने मला जेवू घातलं होतं. तिचा दीर तिच्याकडे राहायचा, त्याची ती वळकटी. निळ्या पट्ट्यांच्या सतरंजीची. काकीने ती आईच्या हातात दिली नि पाठ फिरवली.

आणि मागच्या जिन्यावर बुटांचा आवाज झाला.

त्या जिन्याने सफाईवाला सोडून कोणी चढत नसे. आम्ही स्वतः वळकट्या त्याच जिन्याने उतरवत होतो, पण मेहत्यासारखा पांढऱ्या धोतरातला माणूस संडासाच्या बाजूने चढून येईल हे चाळीत एकाच्याही डोक्यात आलं नाही. इतकी आमची अक्कल! वही घेऊन फाटकातून आलेला तो दुसराच, मालकाचा कोणी भाचा. मेहता दोन पंच घेऊन मागून आला, तो थेट आमच्या दारात. आईच्या काखेत निळी वळकटी. सहा भिंतीला.

"कोणाच्या ह्या?"

आईने गॅलरीत बघितलं. काकी तिच्या दारात उभी होती. तिच्यापलीकडे आणखी चार दारांत चार बायका. आईने नुसतं बोट केलं असतं तरी त्या पाचजणींच्या खोल्या गेल्या असत्या. आई म्हणाली, "आमच्याच."

"सातच्या सात?"

"पाहुणे आलेत गावाहून."

"नावं सांगा पाहुण्यांची."

आईने निळी वळकटी बाकीच्या सहांशेजारी भिंतीला लावून ठेवली. मेहत्याने तिथेच पंचनामा लिहिला, पंचांच्या सह्या घेतल्या, आईचा अंगठा घेतला. तिला सही येत होती. पण मेहत्याने विचारलंच नाही, सरळ शाईची गादी पुढे केली.

संध्याकाळी माणसं मोर्च्याहून आली. एकेकजण आला नि आपापली वळकटी उचलून घेऊन गेला. "वहिनी, उपकार झाले हो," असं प्रत्येकजण म्हणाला. काकीचा दीर तर आईच्या पाया पडला.

महिन्याभरात दादांवर दावा लागला. घरात पोटभाडेकरू ठेवले, खोली खाली करा. ज्या माणसाने मुलीपायी सख्ख्या मावसभावाला ठेवून घेतलं नाही, त्याच्यावर! वकील म्हणाला, "एक माणूस आणा. फक्त एक. ती वळकटी माझी होती, मी इकडे नाही, तिकडे राहतो, एवढं कोर्टात सांगणारा." दादांना वाटलं, त्यात काय, सात आहेत, एक तर येईल.

ते खोली खोली फिरले. मी त्यांचं बोट धरून बरोबर होते. एकाने सांगितलं, गावाला चाललोय. एकाने चहा दिला, पोह्यांची बशी पुढे केली नि दुसरंच बोलत राहिला. एकाची बायको आतूनच म्हणाली, "घरात नायत," आणि त्याचे पाय मला पडद्याखाली दिसत होते. शेवटी दादा पुढाऱ्यांकडे गेले. त्यांच्या घरच्या दोन वळकट्या होत्या त्या सातांत. ते म्हणाले, "हे बघ, तू बोललास तर आमच्या पाच खोल्या जातील. गप्प राहिलास तर एक जाईल. चाळीचा विचार कर. आपला लढा मोठा आहे." दादा म्हणाले, "ती एक माझी आहे हो." ते दादांच्या खांद्यावर हात ठेवून दारापर्यंत सोडायला आले. मी आजपर्यंत पुढाऱ्यांच्या त्या हिशोबात खोट काढायला बघितलं. पाचापेक्षा एक कमी, हे खरंच आहे. म्हणून तर जास्त झोंबतं.

कोर्टाच्या आदल्या दिवशी काकी आली. आईचे दोन्ही हात धरून रडली. "नाव घेव नको गो माझा. पोरांक घेवन मी खंय जाव?" आईने तिला पाणी दिलं.

दुसऱ्या दिवशी पिंजऱ्यात उभी राहून आईने सगळ्यांना विचारू दिलं, वकिलांना, साहेबांना. आमचा वकील खुणा करून थकला. ती एवढंच म्हणाली, "पाहुण्यांच्या होत्या." मला आईचा राग येतो. काकीपेक्षा जास्त येतो कधीकधी. कशासाठी, बाई? कोणासाठी? दादांनी मात्र तिला एका शब्दाने विचारलं नाही. त्यांनी सभेला जाणं बंद केलं, बस्स.

निकाल लागायला वर्षं गेली आणि तो आमच्याविरुद्ध गेला. मेहत्याचं येणं तोवर चालूच होतं. चाळीच्या वळकट्या आता आमच्याकडे येत नव्हत्या. दुसरी खोली बघितली होती त्यांनी.

आम्ही खोली सोडली तेव्हा महाराष्ट्र नुकताच झाला होता. फाटकावर कमान होती, गॅलऱ्यांना लावलेल्या पताका अजून उतरवल्या नव्हत्या. अँटॉप हिलच्या पायथ्याशी पत्र्याची खोली मिळाली होती, तिकडे हातगाडीवर सामान न्यायचं होतं. सगळी चाळ मदतीला धावली. पुढाऱ्यांनी स्वतः आमचं कपाट खांद्यावर घेऊन खाली नेलं. खोटं नव्हतं त्यांचं, डोळ्यांत पाणी होतं. मला तेच समजत नाही अजून.

खोली मोकळी झाली. कुलूप लावायला मेहता खाली अंगणात उभा होता. काकी आली नि आईच्या गळ्यात पडून हुंदके द्यायला लागली. आईने तिला रडू दिलं. मग तिला खांद्यांना धरून समोर उभं केलं.

"आता तरी बोल गो," आई म्हणाली. "ती निळी वळकटी कोणाची होती? आता तुझा बिऱ्हाड कोण नेणा नाय. कोर्ट संपला. माका एकटीक सांग. एकदाच."

काकीने कठड्यावरून खाली बघितलं. मेहता वर बघत होता. तिने पदराने तोंड पुसलं.

"पोराक नीट धर," ती म्हणाली. "जिनो उभो आसा."

"जिनो माका म्हायत आसा," आई म्हणाली, आणि भावाला कडेवर घेऊन उतरायला लागली.