दाणा बसतोय

कंपनीने पन्नास वर्षं झाली म्हणून एक गुळगुळीत पुस्तक काढलं होतं. त्यात मालकाच्या आजोबांचा फोटो आहे, पहिल्या इंजिनाचा आहे, बंगल्यावरच्या कुत्र्याचासुद्धा आहे. कोठ्या ठोकून माल सांगणाऱ्या आमच्या ठोक्याचा नाही. म्हणून हे मी लिहितोय, आणि कुणाला विचारून लिहीत नाही.

आधी धान्याचं कोठार आलं. रेल्वेच्या फाट्यालगत काँक्रीटच्या चौदा कोठ्या, एकेक आठ मजली उंच, ना खिडकी ना फट. वाघिणींतून गहू उतरायचा, बादल्यांच्या पट्ट्यावरून वर चढायचा आणि कोठीच्या तोंडातून आत पडायचा. मग शेजारी गिरणी उभी राहिली. तोच दाणा तिथे यंत्राच्या फिरत्या रुळांखाली चपटा व्हायचा, भाजून खोक्यात बसायचा आणि अख्ख्या शहराच्या सकाळच्या दुधात जाऊन पडायचा.

बंद कोठीत माल किती आहे, हे बाहेरून कळायचं ठोक्यामुळे. हातात लाकडी मोगरी घेऊन तो जिना चढायचा आणि भिंतीवर ठोके मारत जायचा. पोकळ भिंत घुमते, भरलेली मुकी राहते. आवाज बदलला की खडूची रेघ. त्यात वीतभराची चूक निघाली नाही कधी. एकदा साहेबाने मोजायचं यंत्र आणलं, ते आठवड्यात धूळ खाऊन बंद पडलं. ठोक्या म्हणाला, खोकला झाला असेल बिचाऱ्याला.

या धंद्यातली एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. भरलेल्या कोठीतून आवाज येतात. टक. मग टकटक. दाण्यावर दाणा सरकतो, भिंतीला रेटतो. नवा माणूस ऐकतो आणि पायाला पाय लावून पळतो. जुने हसतात, म्हणतात, "दाणा बसतोय." भर दुपारी, पट्टे थांबलेले असताना, कोठ्यांमधल्या बोळात उभा राहून मीही तो ऐकलाय. आत कुणीतरी बोटाचं पेर आपटतंय असं वाटतं. मी युनियनचा, मोर्चात लाठ्या खाल्लेला माणूस, पण तिथे मान वर करायची छाती झाली नाही.

ठोक्याने धाकट्या बहिणीचं लग्न कोठारावरच्याच माणसाशी लावून दिलं. मेहुणा वरच्या मजल्यावर, कोठ्यांची तोंडं मोकळी ठेवायच्या कामावर होता. वर्ष सरलं नाही तोच एका दुपारी तो दिसेनासा झाला. डबा खुंटीला तसाच. मॅनेजरने दोन दिवस वाट पाहून 'काम सोडून गेला' असं लिहिलं आणि हात झटकले. बहीण भावाच्या घरी राहायला आली. शेजारणी तोंडावर गोड, पाठ फिरली की म्हणायच्या, हिच्यातच काही खोट असणार, नाहीतर सोन्यासारखा नवरा पळतो कशाला? वीस वर्षं तिने हे ऐकलं. जिन्यात बूट वाजले की भाजी चिरताना तिची सुरी थांबायची.

मग गिरणी बंद झाली आणि कोठार पाडायला ठेकेदार आला. सगळ्या कोठ्या रिकाम्या आहेत, म्हणाला. ठेकेदाराच्या शब्दावर मी शेंगही फोडत नाही. आत माल राहिला आणि भिंत फुटली, तर खाली उभी असलेली माणसं गाडली जाणार. मी ठोक्याला बोलावलं. म्हाताऱ्याने तेरा कोठ्या ठोकल्या. नऊ नंबरपुढून मात्र तो मान खाली घालून सरळ निघून गेला.

ती का सोडलीत, विचारलं तर म्हणाला, ती ठोकायची नाही. माझं डोकं फिरलं. मालकाचा कुत्रा म्हणालो मी त्याला, चारचौघांत. तो पायरीवर बसला आणि मोगरी मांडीवर ठेवून सांगू लागला.

त्या दुपारी नऊ नंबरमधल्या ओल्या गव्हाने वर जाड साय धरली होती आणि खाली पोकळी पडली होती. मेहुणा ती साय फोडायला उतरला असणार आणि तिच्यासकट खाली गेला असणार. पाहिलं कुणीच नाही. ठोक्या तेव्हा खाली त्याच भिंतीपाशी होता. त्याला आतून ठोके ऐकू आले. त्याने पाटीवर 'दाणा बसतोय' लिहिलं आणि दहा नंबरकडे गेला. थोड्या वेळाने पट्टा सुरू झाला आणि नऊ नंबर काठोकाठ भरली.

"कधी कळलं तुम्हाला?" मी विचारलं.

"तिसऱ्या दिवशी. तो पळाला म्हणून बोंब झाली तेव्हा. दाणा बसताना कसाही वाजतो, बाबा. ते ठोके एका मापाचे होते. तीन. मग थांबून तीन."

तेव्हापासून तो नऊ नंबर रिकामी होऊ देत नव्हता. आत माल दगड झालाय, खालचं दार मोडेल, असं दर वेळी सांगायचा. साहेबांचा त्याच्या कानावर विश्वास होता. मेहुणा रुळांखालून निघून लोकांच्या दुधात जाऊ नये, एवढंच त्याला बघायचं होतं.

बहिणीला काय सांगू, त्याने विचारलं. आत आहे एवढंच सांगा, बाकीचं कशाला, असं मी म्हणालो. आयुष्यभर खरं बोला म्हणून घसा फोडणारा मी.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली. ठोक्याने नऊ नंबर ठोकली. मुकी, मुकी, आणि दोन पुरुष उंचीवर वेगळाच आवाज आला, घुमणारा नाही आणि मुकाही नाही. त्याने रेघ मारली. माणसांनी तिथे भिंत कापली. आत गहू काळा पडून थिजला होता, आंबूस वास सुटला. त्या काळ्या ढेपेत बसलेल्या माणसाएवढी पोकळी होती, दाण्यांनी जपून ठेवल्यासारखी. तिच्यात हाडं. उजव्या हाताची हाडं वर, भिंतीलगत अडकलेली, मुठीत बूट. कापून काढलेल्या काँक्रीटच्या आतल्या अंगाला त्या जागी तळव्याएवढा खळगा पडला होता.

बहिणीने सगळं पाहिलं. मग भावाकडे वळली.

"दादा, हे बाहेरून ऐकू येतं?"

मी घाईघाईने म्हणालो, भिंत वीतभर जाड आहे, बाई. तिने माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"येतं," ठोक्या म्हणाला. "मी ऐकलं होतं."

"मग?"

"लिहिलं आणि पुढे गेलो."

ती एकटीच घरी गेली. मॅनेजरच्या त्या नोंदीवर काट मी मारून घेतली, दोन महिने टेबलं झिजवून. शेजारणींची तोंडं बंद झाली. भाऊबहीण अजून एकाच घरात राहतात. ती त्याला जेवायला वाढते, त्याचे कपडे धुते. पण बाहेरून आला की ठोक्या दार वाजवत नाही. तसाच उंबऱ्याबाहेर उभा राहतो, हात अंगाशी धरून. एकदा दुपारी मी जाताना पाहिलं. आत तिच्या सुरीचा आवाज येत होता. मी दार वाजवायला हात उचलला, तर म्हाताऱ्याने माझं मनगट घट्ट धरलं.

"राहू दे," तो हळूच म्हणाला. "मी आलोय हे तिला कळलंय."

आत सुरी चालूच राहिली.