न आलेला वास

खोलीचे दार उघडल्यावर आत्या लगेच आत गेली नाही. उंबरठ्यावर उभी राहून तिने एक दीर्घ श्वास ओढला आणि आत काय आहे ते पाऊल न टाकताच सांगितले. गालिच्याखाली पाणी मुरले होते. न्हाणीघराच्या जाळीत केस कुजत होते. उशांवर बरीच तेलकट डोकी झोपून गेली होती, आणि कपाटामागे केव्हातरी उंदीर मेला होता. दोन्ही हातांत बॅगा घेऊन मागे ताटकळलेला तिचा भाऊ म्हणाला, "ताई, उंदीर गेलाय ना? मग आपल्याला जागा होईल." आणि तिला वळसा घालून तो आत शिरला.

शहराच्या जुन्या बाजारभागातले ते हॉटेल एकेकाळी ऐटीचे असावे. दर्शनी दालनात काचेचे झुंबर होते, पण त्यातले निम्मे लोलक गळून तारा लोंबत होत्या. जाळीच्या दाराची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये दमून थांबे आणि आतल्या माणसाने पाय आपटल्यावर पुन्हा निघे. जिन्याचा कठडा उत्तम लाकडाचा होता. मात्र त्यावरून इतके हात फिरले होते की लाकडावर एक काळी, चिकट साय धरली होती. सर्व जुन्या वस्तूंना प्रतिष्ठा लाभत नाही. काहींवर नुसता मळ साचतो, आणि मग लोक त्यालाच जुनेपणा म्हणू लागतात.

हे कुटुंब तिथे हौसेने आले नव्हते. भावाच्या मुलीच्या, खारूच्या, डाव्या बुबुळावर लहानपणीच्या जखमेने पांढरा डाग पडला होता. शेंगदाणे, बिया, बटणे खिशात साठवण्याच्या सवयीमुळे घरात तिला खार म्हणत. कोणाच्या तरी मृत्यूनंतर मिळालेला बुबुळाचा पडदा तिला बसवायचा होता. तो केव्हा मिळेल हे आधी सांगता येत नाही, म्हणून दूर राहणाऱ्यांनी इस्पितळाच्या आसपास मुक्काम ठेवून निरोपाची वाट पाहावी, असा तिथला रिवाज होता. चालत जाण्याच्या अंतरावर परवडण्याजोगे हे एकच हॉटेल. डॉक्टरांनी निघताना एक गोष्ट दोनदा सांगितली होती: निरोप येईल त्या दिवशी डोळा शांत हवा. लाली नको, पाणी नको, सूज नको. डोळा चिडलेला असला तर पडदा रांगेतल्या पुढच्या रुग्णाला जाईल.

आत्याने हे वाक्य ऐकले ते स्वतःच्या धंद्याच्या कानांनी. तिची सगळी नोकरी एका मोठ्या धुलाईघरात गेली होती. गावोगावच्या हॉटेलांच्या चादरी, अभ्रे आणि टॉवेल गाठोडी बांधून तिथे येत. गाठोडे सोडायचे, एकेक कापड उजेडात धरायचे आणि डागाप्रमाणे हौद ठरवायचा, हे तिचे काम. माणसे परक्या पलंगावर काय सांडतात, काय पुसतात आणि काय लपवून घडी घालून ठेवतात, हे तिच्याइतके क्वचितच कोणी पाहिले असेल. या पाहण्यातून तिच्या स्वभावाला एक टणक, कडवट धार आली होती. लग्न तिने केले नाही. भाऊ म्हणे, ताईला दुसऱ्याच्या उशीची किळस येते. तिचे स्वतःचे स्पष्टीकरण अधिक नेमके होते: बघायला आलेल्या प्रत्येकाची कॉलर तिने आतून पाहिली होती.

तिचे टेबल ब्लीचच्या हौदाला लागून असे. नव्याने लागलेल्या बायका त्या कोपऱ्यात डोळे पुसत, खोकत, टेबल बदलून मागत. आत्या मात्र तिथेच बसून डबा खाई. सबंध इमारतीत तेवढ्याच जागी हवा निर्मळ आहे, असे तिचे मत होते, आणि इतक्या वर्षांत ते खोडून काढण्याची कोणाला गरज वाटली नव्हती.

हॉटेलात पहिल्या दिवसापासून तिचा आणि घाणीचा सामना सुरू झाला. न्हाणीघरातल्या टबाला आतून पिवळट कडी पडली होती, प्रत्येक कडे म्हणजे कोणाच्या तरी अंगाचा मळ. साबणाच्या वडीवर एक आखूड, कुरळा केस रुतला होता आणि तो साबण बदलून मागितला तेव्हा आलेल्या नव्या वडीवरही केस होता, फक्त लांब. पाण्याच्या पेल्यावर ओठांचा ठसा होता. भिंतीवरचा कागद सांध्यांशी सुटला होता, आणि त्या फटींत ढेकणांनी आपल्या वस्तीच्या काळ्या खुणा टिंबाटिंबांनी काढून ठेवल्या होत्या. टेलिफोनच्या बोलायच्या बाजूला परक्या माणसांच्या थुंकीचे इतके थर वाळले होते की आत्या तो रुमालात गुंडाळून, कानापासून चार बोटे दूर धरून बोले. खिडकीजवळ एक मखमली आरामखुर्ची होती. तिच्या पाठीवर, डोके टेकते नेमक्या त्या जागी, ताटलीएवढा चकचकीत काळा डाग होता. त्या खुर्चीला वळसा घालूनच आत्या खिडकीशी जाई. बसायची वेळ आली की ती स्वतःची चादर अंथरून पलंगाच्या अगदी कडेवर टेकत असे, परक्याच्या घरी अवघडून बसावे तशी.

खिडकी उघडत नव्हती. रंगाऱ्याने चौकट आणि झडपा एकाच हाताने रंगवून सगळे एकजीव करून टाकले होते. भाऊ कुलपे दुरुस्त करणारा. वहिनीने त्याला टोमणा मारला की गावभरची दारे उघडता आणि बायकोला वारा देता येईना. त्यावर तो म्हणाला की कुलूप असते तर एव्हाना उघडले असते, रंगाला किल्ली कुठे असते. व्यवस्थापकाने तक्रार ऐकून घेतली, मान डोलावली, आणि ही इमारत शहराचा वारसा आहे असे सांगितले. तो बोलत असताना आत्याचे लक्ष त्याच्या बाह्यांच्या टोकांकडे होते. वर आल्यावर तिने जाहीर केले की या माणसाकडून काही व्हायचे नाही.

निरोप एका सकाळी आला. पडदा मिळाला होता. संध्याकाळी खारूला तपासून दाखल करायचे आणि दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया. भाऊ आणि वहिनी कागदपत्रांसाठी इस्पितळात गेले. जाताना वहिनीने खारूला दूध देऊन पलंगावर निजवले आणि आत्याला बजावले की तिला उठवू नका, नीट झोपू द्या.

आत्यानेही तिला उठवले नाही. तिच्या मनात वेगळाच विचार घर करून होता: टाके घातलेला डोळा घेऊन ही पोर पुन्हा याच खोलीत, याच उशीवर येणार. डॉक्टर स्वच्छतेबद्दल बोलतात, पण त्यांनी ही खोली पाहिलेली नाही. तिने घरून आणलेली ब्लीचिंग पावडर काढली. खिडकीचे पडदे उतरवले, अभ्रे काढले, टब काठोकाठ भरून त्यात सारे बुडवले. भिंतींचे सांधे, पलंगाचे पाय, दाराची मूठ, सगळे त्याच पाण्याने घासले. बाहेरच्या व्हरांड्यातून शिळ्या तळणाचा वास येत होता, म्हणून दार घट्ट लावून खालच्या फटीला टॉवेल लावला. फडक्यातून निघणारा मळ पाहून तिला ओकारी येत होती आणि समाधानही वाटत होते. काम आटोपून तिने पुन्हा पहिल्यासारखा दीर्घ श्वास घेतला. आता कुठे या खोलीला कसलाच वास येत नव्हता.

वहिनीने दार उघडले आणि ती तोंडावर हात धरून मागे सरली. तिच्या मागून आलेल्या भावाला खोकल्याची उबळ आली. पलंगावर खारू उठून बसली होती, मुठींनी डोळे चोळत होती, आणि दोन्ही डोळे लालभडक होऊन गळत होते. तिला तसेच उचलून भाऊ जिन्याने खाली धावला.

संध्याकाळी डॉक्टरांनी डोळा पाहिला. धुऊन, थेंब घालून पुन्हा पाहिला. मग खुर्ची मागे सरकवून त्यांनी सांगितले की इजा कायमची नाही, पण या डोळ्यावर उद्या हात घालता येणार नाही. पडदा थांबत नाही. तो आता दुसऱ्या एका मुलाला बसेल. पुढचा केव्हा मिळेल ते सांगता येत नव्हते, आणि मुक्काम हलवू नये हेही त्यांनी सांगितले.

खोलीत आल्यावर आत्या दबक्या आवाजात म्हणाली की तिला खरोखरच वास आला नव्हता. वहिनी कधी मोठ्या नणंदेसमोर आवाज चढवत नसे. आताही तिने तो चढवला नाही.

"वन्सं, तुम्हाला जगातल्या सगळ्या घाणीचा वास येतो. माझ्या लेकीचे डोळे जळत होते, त्याचा आला नाही." मग ती म्हणाली, "आता इथलं काही धुवायचं नाही. तुम्ही हातसुद्धा लावायचा नाही."

दुसऱ्या दिवशी मजला झाडणारी बाई आली तेव्हा आत्याने ब्लीचचा रिकामा डबा तिच्यापुढे धरला आणि विचारले, काही वास येतो का. बाईने मान झटकन मागे घेतली. आत्याने डबा स्वतःच्या नाकाशी नेला, पार आत नाक घातले. तिला पत्र्याचा वास आला.

त्यानंतरचा मुक्काम तिने कसा काढला, हे तिने कोणाला सांगितले नाही. बाकीच्यांना ते दिसत होते. पडदे पुन्हा मळकट झाले नव्हते, तरी ती त्यांच्याकडे पाहत नसे. टबाला पुन्हा कडी धरू लागली होती. केस साबणावर येत होते. भिंतीतल्या फटीतून एक फुगलेला ढेकूण दिवसाढवळ्या फेरफटका मारताना तिने पाहिला आणि नजर वळवली. तिची बोटे मात्र मांडीवर आपोआप चोळली जात, हातात फडके असल्यासारखी. घाणीची किळस तिला पूर्वीइतकीच येत होती. आता तिच्या शेजारी आणखी एक किळस येऊन बसली होती, स्वतःच्या नाकाची, आणि ती धुवायला कोणता हौद हे तिला ठाऊक नव्हते.

मला घरी पाठवून दे, असे तिने भावाला एकदा सुचवले. तो म्हणाला, "आणि पोरीला गोष्टी कोण सांगणार? मी? मला कुलपाची एकच गोष्ट येते, आणि तीही उघडत नाही." त्या दुपारी वहिनीने दुधाचा पेला खारूकडे न देता, तिला पाजायला म्हणून आत्याच्या हाती दिला.

अशाच एका दुपारी भाऊ आणि वहिनी पाव आणि अंडी आणायला खाली गेले होते. खारू खिशातल्या बिया खिडकीच्या कठड्यावर मांडून खेळत होती. खेळून कंटाळल्यावर ती आरामखुर्चीत चढली आणि आत्याला शेजारी बोलावू लागली. आत्या खुर्चीच्या अगदी टोकाशी बसली. खारू तिच्या अंगावर रेलली आणि काही वेळाने तशीच झोपली. पोरीचे ओझे छातीवर आले, पाठ ताठ ठेवणे जड होऊ लागले. हलावे तर ती जागी होणार. आत्याने मान सावकाश मागे नेली. काळा डाग तिच्या केसांना लागला. तो थंड होता, किंचित ओलसर, कोणाच्या तरी कपाळासारखा. तिच्या घशात आंबट पाणी आले. तिने ते गिळले आणि डोके तिथेच राहू दिले.

तेवढ्यात टेलिफोन वाजला. रुमाल पलंगावर होता. हात लांबवून आत्याने रिसीव्हर उघड्या तळव्याने उचलला आणि सरळ कानाला लावला. त्याचे चिकट तोंड तिच्या ओठांना टेकले. इस्पितळातून विचारत होते, पडदा आला आहे, मुलीचा डोळा कसा आहे. घरातले दुसरे कोणी नव्हते. आत्याने खारूला हलवून जागे केले, हनुवटी धरून तिचे तोंड उजेडाकडे वळवले आणि उजेडात चादर पाहावी तसा तो डोळा कडेपासून कडेपर्यंत पाहिला. मग तिने एक न शिकलेली गोष्ट केली.

"खारू, जळतंय का कुठं? वास येतोय का कसला?"

खारूने नाक वर करून खोलीभर हुंगले. "तळणाचा," ती म्हणाली. "आणि तुझ्या केसांना येतोय. घाणेरडा."

"डोळा शांत आहे," आत्याने टेलिफोनमध्ये सांगितले. "आणतो आम्ही."

जिना उतरताना खारूने कठड्याची काळी साय मुठीत धरली. आत्याने तो हात सोडवला नाही. तिने फक्त पोरीचा दुसरा हात आपल्या हातात घेतला, म्हणजे दोन्हीपैकी एकही डोळ्याकडे जाणार नाही.