डॉक्टरबाईंच्या बोटीची गाडी

डॉक्टरबाईंनी माझ्या टेबलावर रुमाल सोडला. आत गंजून गोळा झालेलं बेअरिंग होतं.

"हे भर रस्त्यात धरलं, चाक फिरेचना," त्या म्हणाल्या. "मी खाडीपलीकडे पोचेपर्यंत जानकीचं बाळ गेलं होतं. कसंबसं तिला तेवढं वाचवलं."

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. मी ठाण्यातल्या एका वर्कशॉपमध्ये नवा इंजिनियर होतो. बाई खाडीकाठच्या गावांतली बाळंतपणं करत. बंदरं अनेक आणि बोट एकच, म्हणून ती दोन चाकांच्या गाडीवर घालून जीपमागे ओढत नेत. बंदरावर गाडी मागे मागे पाण्यात घालायची, बोट तरंगली की गाडी वर काढायची. म्हणजे चाकं, आस, स्प्रिंग, सगळं दर खेपेला खाऱ्या पाण्यात.

"गोड्या पाण्यानं लगेच धुतलं तर इतकं होणार नाही," मी म्हटलं.

"अहो, तिथल्या बायका कुठून कुठून डोक्यावर हंडे आणतात. चाकं धुवायला कुणाच्या तोंडचं पाणी मागू?"

मग न धुता टिकेल अशी गाडी करायची ठरली.

पहिली काढली ती स्प्रिंग. ती पोलादी पट्ट्या एकावर एक ठेवून केलेली असते. मधल्या फटीत खारं पाणी शिरलं की बाहेर पडत नाही. तिच्या जागी मी कल्याणच्या लष्करी छावणीतल्या भंगार टायरांचे रबरी ठोकळे बसवले. बॉल बेअरिंग काढून गनमेटलचे बुश घातले. बुश म्हणजे आस जिच्यात फिरते ती नळी. गनमेटल हा तांबं-कथलाचा मिश्रधातू, त्याला गंज चढत नाही. आस आणि रिमा वितळलेल्या जस्तात बुडवून आणल्या, आपल्या घरातल्या बादलीसारख्या.

आमचे मालक आप्पा त्या चकचकीत गाडीभोवती फिरले. "अरे, बोट न्यायची आहे की वरात?"

"आप्पा, हिला नीट बघा. वर्षभरानं अशीच दिसेल."

"बघू. जस्त किती दिवस तग धरतं ते मला माहीत आहे."

खरं सांगायचं तर मलाही माहीत होतं. रिमेवर ओरखडा पडला की तिथून गंज सुरू होणार. बाई गाडी घेऊन गेल्या त्या रात्री मला नीट झोप लागेना.

वर्षानं गाडी तपासायला मी स्वतः बंदरावर गेलो. रिमेवर ओरखडे होते, पण त्यात गंज जवळपास नव्हताच. बुश स्वच्छ. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होतो, तेवढ्यात बोट पाण्यात सोडून रिकामी गाडी वर आली. शेजारच्या झोपडीतून एक बाई हंडा घेऊन आली आणि चाकांवर, आसावर बेतानं पाणी ओतू लागली. कडेवर तान्ही मुलगी होती.

"अहो, हे काय?" मी विचारलं.

"पावना दारान आला का पायावर पानी घालतांव आमी," ती म्हणाली. "बाय पलीकरं गेली, तिची गारी आमचे दारान हाय. तिचे पाय कोन धुवील?"

"रोज?"

"येल तवा. मी नसले तं शेजारीन घालते."

जीपचा ड्रायव्हर हळूच म्हणाला, "हीच जानकी. आपल्या बाळंतपणाला बाईंना पुन्हा खाडी ओलांडायला लागू नये म्हणून नवऱ्याला घेऊन या काठाला राहायला आली. ही मुलगी बाईंच्याच हातची."

माझे डोळे भरून आले. मी उगाच वाकून नट तपासत राहिलो.

ठाण्यात आल्यावर आप्पांना सगळं सांगितलं. त्यांनी टेबलावरचा एक बुश उचलून बोटांत फिरवला. मग म्हणाले, "तुझे बुशही चांगले होते हो."

पुढे अशा आणखी गाड्या केल्या. गिऱ्हाईक आलं की जस्त-गनमेटलचं बोलणं मी नंतर काढत असे. आधी विचारत असे, गाडी उभी राहते तिथे शेजारी कोण राहतं?