मावशींचा दंड

ऑफिसात चहा करणाऱ्या आणि फरशी पुसणाऱ्या मावशींचं तोंड फटकळ. चहा बिघडला तर कप पुढे ठेवतानाच सांगणार, "आज जमला नाहीये, टाकून दिलात तरी चालेल." अशा बाईला कंपनीने सहा वर्षं खोटं बोलायला लावलं, हे आठवलं की आजही डोकं फिरतं.

कंपनी बिनसुईची इंजेक्शनं विकायची. हातात मावेल एवढं यंत्र, आत दणकट स्प्रिंग, बाहेर तिचा जोर कमी-जास्त करायची चकती. टोक दंडाला टेकवून कळ दाबली की औषधाची केसाएवढी बारीक धार कातडीतून थेट आत. वस्तू चांगली होती, यात वाद नाही. पण विकणाऱ्या साहेबांचं चांगल्यावर समाधान नव्हतं, त्यांना चमत्कार विकायचा होता. मावशींचा दंड भरलेला, त्यावर लगेच काही उठून दिसत नाही, हे त्यांनी हेरलं आणि तेव्हापासून दर प्रात्यक्षिकाला मावशी गाडीत. दंडात मिठाचं पाणी मारून घ्यायचं, हसायचं आणि म्हणायचं, "कळलंसुद्धा नाही!"

कळत होतं. चांगलं कळत होतं. ताणलेलं रबर सटकन बसावं तसं. डाग उठायचे ते घरी गेल्यावर. ते हिरवे-निळे ठिपके बघून लेक कातावायची, "आई, त्यांच्याकडे भिंत नाही का मारायला?"

"असू दे गं. समोर डॉक्टर लोकच असतात. त्यांना कुठे टोचून घ्यायचंय?" अशी स्वतःचीच समजूत घालत मावशींनी सहा वर्षं काढली.

त्या दिवशी मात्र दवाखान्याच्या हॉलमध्ये मधुमेह असलेली मुलं बसली होती, आईबापांसकट. पहिल्याच रांगेत सात-आठ वर्षांची एक मुलगी. हात काडीसारखे. रोज चार वेळा सुई टोचून घेणारी. साहेबांनी मावशींच्या दंडावर यंत्र चालवलं, मावशी ठरल्याप्रमाणे हसल्या. साहेब मुलीच्या वडिलांना म्हणाले, "हिलाही मिठाचं पाणी देऊन दाखवू? अजिबात दुखत नाही." वडिलांनी मान डोलावली.

मुलगी साहेबांकडे बघेचना. मावशींना म्हणाली, "सगळे असंच सांगतात. तुम्ही सांगा. दुखतं का?"

नोकरी जाणार हे मावशींना स्वच्छ दिसत होतं. "दुखतं," त्या म्हणाल्या. "रबर बसल्यासारखं. एकदाच. मग थोडा वेळ चुणचुणतं."

साहेब गोरेमोरे झाले. वेळ मारून नेण्याच्या घाईत त्यांनी टोकाची वापरलेली टोपी तेवढी बदलली आणि यंत्र तसंच मुलीच्या दंडाला लावलं. मावशींनी त्यांचं मनगट धरलं.

"आधी जोर कमी करा! तो माझ्या दंडाचा जोर आहे. पोरीची कातडी फाटेल!"

सगळ्यांदेखत साहेबांना जोराची चकती मागे फिरवावी लागली. मुलीने ओठ घट्ट मिटले. कळ दाबली गेली. "दुखलं," ती म्हणाली. मग जरा विचार करून, "पण सुईपेक्षा बरं आहे. मला चालेल."

त्या दुपारी जेवढी यंत्रं खपली तेवढी आजवर कधीच खपली नव्हती.

बाहेर गाडीपाशी मावशी बोलणी खायच्या तयारीने उभ्या होत्या. साहेब आले ते हसतच. "मावशी, कमाल केलीत! आता सगळीकडे हेच करू. मी दुखत नाही म्हणायचं, तुम्ही मला खोडून काढायचं. मनगट धरलंत, तेही ठेवू. डोळ्यांत जरा पाणी आलं तर सोन्याहून पिवळं!"

मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कामावरून काढलं असतं तर त्यांनी ते एक वेळ गिळलं असतं. पण या माणसाने सहा वर्षं त्यांचं खोटं विकलं आणि आता तो त्यांचं खरंही विकायला निघाला होता. पोरीची कातडी फाटता फाटता राहिली, त्याबद्दल अवाक्षर नाही! त्यांनी पेटी उघडली, यंत्राला नवी टोपी बसवली आणि जोर सगळ्यात कमी केला.

"बाही वर करा, साहेब. एकदा तरी स्वतः घेऊन बघा."

साहेब गाडीच्या दाराला चिकटले. "अहो, नको. मला लहानपणापासून भीती वाटते इंजेक्शनची."

"त्या पोरीलाही वाटते," मावशी म्हणाल्या. "दिवसातून चार वेळा."

यंत्र त्यांच्या हातात कोंबून मावशी पायीच घराकडे निघाल्या.