सासरे जीबी तपासायला जातात

माझे सासरे एकतीस वर्षं वजनमापे निरीक्षक होते. ते बाजारात शिरले की दुकानदार आधी तागडीखालचं चुंबक काढायचे आणि मग नमस्कार करायचे. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण खोड गेलेली नाही. मी चहात साखर टाकते तीसुद्धा ते डोळ्यांनी तोलतात.

त्यांची मोठी बहीण, म्हणजे आमच्या आत्या, जन्मापासून ऐकू-बोलू शकत नाहीत. शाळेचं तोंड पाहिलं नाही, त्यामुळे लिहिणं-वाचणंही नाही. लहानपणी या भावंडांनी हातांच्या खुणांची एक भाषा आपली आपणच तयार केली. ती पुरती समजणारा माणूस आता जगात एकच, आमचे सासरे. मला निम्मीच कळते, आणि तीही नेमकी माझ्याबद्दलच्या तक्रारींपुरती. जन्मभर आमच्याकडेच राहिलेल्या आत्या सहा वर्षांपूर्वी त्यांच्या आईचं रिकामं घर सांभाळायला चार तासांवरच्या गावी गेल्या. तिथे वायरचं इंटरनेट पोचलेलं नाही. म्हणून रोज तासभर मोबाइलवर व्हिडिओ कॉल, आणि आत्यांच्या प्लॅनचा दहा जीबी डेटा विसाव्या दिवशी खलास. पुढचे आठ दिवस त्यांच्याशी बोलायला कुणीही नसायचं. नवा डेटा आला की पडद्यावर त्या आधी नुसत्या रडायच्या, आणि सासरे घड्याळाकडे बघत बसायचे.

कुणीतरी सांगितलं की चित्र जितकं हलतं तितका डेटा जास्त जातो. झालं. सासऱ्यांनी फुलाफुलांचा पडदा उतरवला, पंखा बंद केला आणि हात बेताने हलवण्याची आत्यांना तंबी दिली. दोघं पासपोर्टच्या फोटोसारखी समोरासमोर बसू लागली. भांडणसुद्धा एका बोटात. एवढ्या तपश्चर्येनंतर एक दिवस वाचला.

त्या महिन्यात डेटा संपला त्याच्या दुसऱ्याच दिवशी सासरे मला घेऊन कंपनीच्या दुकानात गेले. बरोबर सोनाराकडची छोटी तागडी होती. काउंटरवर एक मुलगी होती, बिचारी. एका गिऱ्हाइकाचा मोबाइल त्यांनी रिचार्जच्या आधी तोलला, नंतर तोलला, आणि माल दिलाच नाही असा शेरा वहीत लिहिला. मुलीने समजावलं की डेटाला वजन नसतं. मोठा पॅक घ्या, जितका जास्त तितका स्वस्त. सासरे म्हणाले, घाऊक माल स्वस्त असतो हे त्यांनाही कळतं. पण उरलेला माल अठ्ठाविसाव्या दिवशी डब्यातून काढून नेणारा वाणी त्यांनी अजून पाहिलेला नाही. आणि महिना अठ्ठावीस दिवसांचा कुणी केला? नऊशे ग्रॅमचा किलो विकणाऱ्यांना त्यांनी कोर्टात उभं केलं होतं.

"पण काका, बोलणं अनलिमिटेड आहे," मुलगी म्हणाली. "कितीही बोला, फुकट."

"माझी बहीण बोलत नाही."

मुलगी क्षणभर विचारात पडली आणि मग तिचा चेहरा उजळला. "मग त्यांना प्लॅन लागतच नाही."

"तिला हातांनी बोलावं लागतं. म्हणजे तोंडाने बोलणाऱ्याला फुकट आणि मुक्याला वर भुर्दंड. याला मापात पाप म्हणतात, बाळा."

मला त्या क्षणी सासऱ्यांचा फार अभिमान वाटला. पण पुढच्याच क्षणी त्यांनी भिंतीवरचं प्लॅनचं पोस्टर जप्त केलं, रांगेतल्या दोघांना पंच नेमलं आणि पंचनामा लिहायला घेतला. रखवालदाराने आम्हाला अदबीने बाहेर काढलं. पोस्टर त्याने परत मागितलं नाही, बहुधा घाबरला असावा. आठ दिवसांपुरता छोटा पॅक घ्यावा म्हणून मी हळूच पर्स उघडली होती. चौपट भावाने घेणार का, अशा नजरेने त्यांनी पाहिलं आणि मी ती मिटली. तत्त्व यांचं, आणि गप्प बसायचं आत्यांनी! हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. ते तडक बस स्टँडकडे वळले. मीही मागोमाग.

आत्यांच्या ओसरीवर बसून त्यांनी सगळी हकिगत सांगितली. तास झाला, दीड झाला. दोन्ही हात मोकळे सोडून सांगत होते. तागडी, मुलगी, रखवालदार, सगळ्यांच्या नकला झाल्या. आत्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग पदराने डोळे पुसून त्यांनी काहीतरी विचारलं. इतकं सावकाश की मलासुद्धा सगळं कळलं.

"तुझ्या घरी आपण रोज समोरासमोर होतो. तेव्हा कुणी मोजत नव्हतं. तेव्हा तू माझ्याशी रोज किती बोलायचास?"

सासऱ्यांना खोटं माप देता येत नाही. त्यांनी एका हाताची पाचही बोटं वर केली. पाच मिनिटं.

आत्यांनी तो हात आपल्या हातात घेतला आणि त्यातली तीन बोटं एकेक करून मिटवली.